थांबायची जागा

मी गिटार शिकले ती रागाने. माझ्या नाकावर राग असतो हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत, सगळं बंद पडायच्या जेमतेम आधी, संकेत मला डब्लिनमधल्या एका पबच्या वरच्या मजल्यावर फ्लामेंको ऐकायला घेऊन गेला. संकेत माझा नवरा. डब्लिनच्याच टॅला भागातल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी काहीतरी सांस्कृतिक केलं की त्याला बरं वाटतं. स्पेनच्या दक्षिणेकडचं हे संगीत. एक बाई लाल झग्यात नाचत होती, दुसरी गात होती, आणि तीन पुरुष मांडीवर गिटार घेऊन बसले होते. नाच मी पाहिलाच नाही. माझी नजर त्या गिटारींवरून हलेना. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्यातल्या म्होरक्याकडे गेले. कॉनर त्याचं नाव. अस्सल आयरिश, कॉर्क शहराचा, पण काही वर्षं स्पेनमधल्या सेव्हियात राहून आल्यामुळे टोपी तिरकी. मी विचारलं, शिकवता का? तो प्रेमाने म्हणाला, "नाचाचा क्लास बुधवारी असतो."

"गिटार," मी म्हणाले.

त्यावर तो आणखी प्रेमाने म्हणाला, "गिटार पुरुषांकडेच राहिलीय, परंपराच तशी आहे. बाईच्या हाताला तो जोर येत नाही."

कॉर्कच्या माणसाने पुण्याच्या बाईला स्पेनची परंपरा समजावून सांगावी. घरी येईपर्यंत मी संकेतशी बोलले नाही, जणू त्याचाच दोष होता. पुढच्या महिन्यात आमचं ऑफिस बंद होऊन मी घरून काम करायला लागले, आणि पहिलं काय केलं असेल तर गिटार मागवली. मग शिकवणारं कोणी शोधता शोधता मला रेमेदिओस सापडल्या.

त्या आयर्लंडच्या पश्चिमेला, शॅननला राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, मूळ स्पेनमधल्या हेरेस गावच्या. तरुणपणी शॅननच्या एअरपोर्टजवळच्या फॅक्टरीत कामाला आल्या, तिथल्याच माणसाशी लग्न केलं, विधवा झाल्या आणि तिथेच राहिल्या. फक्त बायकांना शिकवायच्या. स्वतः लोकांसमोर कधी वाजवलेलं नव्हतं. लॉकडाऊनमुळे त्यांचा क्लास आता व्हिडिओवर, दर शनिवारी सकाळी. मी त्यांना मनात रेमेबाई म्हणायला लागले. कोथरूडला ज्यांच्याकडे गाणं शिकले त्यांनाही आम्ही बाईच म्हणायचो, आणि शिकवायची तऱ्हाही तीच निघाली. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. मी करते ते बघ आणि कर. कोथरूडच्या बाई तान घेताना मधे खाकरायच्या, तर आम्ही चार मुली त्याच जागी खाकरायला शिकलो होतो. प्रश्न विचारायचे नाहीत, समोर येईल ते उचलायचं, ही सवय माझ्या हाडात होती.

तर मी उचलत गेले. उजव्या हाताची नखं वाढवून ती तारांवर तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर सुपरग्लूचे थर दिले. ती ट्यूब किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, मोहरीच्या डब्याशेजारी असायची. संकेत म्हणाला, "हे हात घेऊन आमच्या वॉर्डात आलीस तर तुला दारातच अडवतील." मी म्हणाले, मला यायचंच नाहीये तुमच्या वॉर्डात.

हात जरा बसल्यावर रेमेबाईंनी त्यांच्या वडिलांची सोलेआ शिकवायला घेतली. सोलेआ म्हणजे बारा मात्रांची संथ, गंभीर चाल. बारा मात्रा म्हटल्यावर मला एकताल आठवला आणि मी खूश झाले, पण वजन भलत्याच जागी पडतं, त्यामुळे उन्हाळाभर नुसती चुकत होते. ही रचना त्यांच्या घराण्याची. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून दोन मुलांकडे. त्यातला एक भाऊ गेला, दुसऱ्याने टॅक्सी घेतली आणि गिटार सोडली. आता ती फक्त रेमेबाईंच्या हातात होती.

रचना निम्मी झाली की एक जागा यायची. रेमेबाईंचा उजवा हात तारांवरून वर उचलला जायचा आणि तसाच अधांतरी राहायचा. श्वास रोखलेला. मान किंचित डावीकडे. मग हात खाली आणि पुढचा भाग सुरू. इतकी सुंदर जागा मी त्या संगीतात दुसरी ऐकली नव्हती. मी ती जशीच्या तशी उचलली, मानेसकट. "आता आलं तुला," रेमेबाई म्हणाल्या, आणि मी दिवसभर हवेत होते.

नोव्हेंबरात, एका दुपारी, लंच ब्रेकमध्ये मी वरच्या खोलीत सोलेआ वाजवत होते. संकेत ड्यूटीवर. बाहेर चार वाजायच्या आतच अंधारून येतं त्या दिवसांतला तो पावसाळी उजेड. ती जागा आली, मी थांबले, मान वळवली, आणि खालून जिन्यावर पाऊल वाजलं.

एकच. मी पुढचा भाग न वाजवता दार उघडून बघितलं. जिना रिकामा. खाली फ्रिजची घरघर. मला वाटलं, शेजारचं असेल. या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठाच. पण खोलीत परतले आणि माझ्या पायांनीच मला सांगितलं की काहीतरी चुकतंय. आमच्या जिन्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तपकिरी कार्पेट आहे. त्याच्यावर हत्ती चालला तरी आवाज होणार नाही. मी ऐकलेलं पाऊल चामडी तळव्याच्या बुटाचं होतं, आणि ते दगडी पायरीवर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्याही. दुसरं काही वाजवलं तर शुकशुकाट. सोलेआ वाजवली, पण त्या जागेच्या आधीच बंद केली, तरीही काही नाही. ते फक्त त्या शांततेत यायचं, आणि दर वेळी थोडं वर. घाई नाही, दबा नाही. आपल्या घरात आपण जसे जिना चढतो तसं. मी स्वतःशी विनोद करून बघितला की चोर असता तर एवढ्या दिवसांत टीव्ही नेऊन परत आला असता. विनोद काही जमला नाही. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही जास्त संताप येत होता की माझ्या सगळ्यात आवडत्या जागेत कोणीतरी बूट घालून शिरतंय.

रविवारी संकेत घरी होता. त्याला काही न सांगता समोर बसवलं आणि वाजवलं. त्या जागेवर पाऊल वाजलं, आता अगदी वरच्या पायऱ्यांवर. संकेतच्या चेहऱ्यावर काही नाही. संपल्यावर तो म्हणाला, "मस्तच गं. पण तू मधेच कुणाची चाहूल घेतेस?"

"कुणाची म्हणजे? ती जागा आहे. सम येण्याआधी थांबतात तशी."

"नाही गं. मान बघ तुझी. आमच्याकडे सध्या पेशंटना भेटायला कुणाला सोडत नाहीत, माहितीये ना? तरी कॉरिडॉरमध्ये पाऊल वाजलं की सगळेच्या सगळे असंच करतात. श्वास धरून, अशी मान करून. आपलं कोणी आलं का म्हणून."

मी त्याला हसले, पण रात्रभर ते मनातून जाईना. सोमवारी मी ओर्लाला फोन केला. ओर्ला गॉलवेची, माझ्याआधी रेमेबाईंकडे शिकायची. सोलेआ निम्मी झाल्यावर तिने एकाएकी क्लास सोडला होता. मी नुसतं "ती मधली जागा" एवढंच म्हणाले.

"तुझ्याकडे कुठपर्यंत आलाय?" तिने विचारलं.

"वरच्या पायरीपर्यंत."

"माझ्याकडे दाराशी आला होता. कडी हलली. मी त्याच आठवड्यात गिटार विकली, केतकी. आता मी ग्रँड आहे, एकदम ठीक. तूही विकून टाक."

दोघींना एकच भास होत नाही. निदान मला तरी असं वाटलं. शनिवारी क्लास संपता संपता मी रेमेबाईंना विचारलं, "बाई, त्या मधल्या शांततेत काय आहे?"

"कुठली शांतता?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, तुम्ही थांबता ती. निम्म्यावर. त्या म्हणाल्या, मी कुठे थांबते? तिथे थांबायचं नसतंच. पापा थांबायचे नाहीत, माझे भाऊ थांबायचे नाहीत. तिथे बारा मात्रा सलग जातात. मला आधी वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मग मी म्हणाले, "बाई, स्क्रीनवर कोपऱ्यात तुमचं चित्र दिसतंय ना? त्याच्याकडे बघत वाजवा."

त्यांनी वाजवलं. ती जागा आली आणि हात वर गेला. श्वास थांबला. मान डावीकडे गेली, पण डोळे स्क्रीनवर होते, आणि त्या डोळ्यांनी स्वतःला तसं बघितलेलं मी पाहिलं. त्याच वेळी माझ्या घरात दाराबाहेर दोन्ही बूट शेजारी शेजारी येऊन थांबले.

मग त्या सांगायला लागल्या. हेरेसच्या घरात पापा वरच्या खोलीत दोन्ही मुलांना शिकवायचे आणि ही मुलगी दाराबाहेर भाज्या निवडत बसायची. गिटार बाईच्या मांडीवर ठेवणं म्हणजे लाज. पापा बाहेर गेले की ती वर जाऊन वाजवायची, आणि त्या जागेवर आली की थांबून कानोसा घ्यायची, जिन्यावर कोणी नाही ना. नसलं तर पुढे.

"आणि एकदा ते आले," रेमेबाई म्हणाल्या. "मी थांबले, पण त्या दिवशी पावलं ऐकू आली नाहीत, खाली बाजार भरला होता. ते माझ्यामागे उभे होते. मारलं नाही. ओरडले नाहीत. मागून हात पुढे केला आणि तारांवर तळवा ठेवला. मग गिटार नेली आणि कुलपात घातली. तिथून पुढचं त्यांनी माझ्याकडून कधी ऐकलं नाही."

मी त्यांना पावलांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, चामड्याचे? मी हो म्हणाले. त्यांनी विचारलं, आत्ता कुठे आहेत? मी म्हणाले, माझ्या दाराबाहेर. त्यांचे ओठ हलले.

"मला काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि कॉल बंद केला. त्या घाबरल्या असं मी समजले.

म्हणजे मी जीव लावून जे शिकले होते ते संगीतच नव्हतं. एका पोरीची धास्ती होती, आणि बाईंकडून ती ओर्लाकडे आली, माझ्याकडे आली, खोकल्यासारखी. माझ्यानंतर जी शिकेल तीही तिथे थांबेल, मान वळवेल आणि त्याला आत घेईल. मी ठरवलं की ही सोलेआ मी न थांबता वाजवणार, आणि लोकांसमोर वाजवणार. एका मेलेल्या म्हाताऱ्याने बाईला अर्ध्यावर गप्प करायचं ते माझ्यापाशी संपणार.

ठरवणं सोपं होतं. सगळा हिवाळा मी त्या जागेवर आपटत राहिले. मात्रा मोठ्याने मोजल्या, मेट्रोनोम लावला, मान भिंतीला टेकवली. हात आपला वर जायचाच. इतक्या भक्तीने उचललेलं आता खाली ठेवता येईना. आणि तो आत आला. जानेवारीत कडी हलली. नंतर पावलं लाकडी जमिनीवर, माझ्या खुर्चीच्या दिशेने. मग एक दिवस पावलंच थांबली, कारण तो पोचला होता. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास यायचा, मानेवर गारवा यायचा, आणि मी हात हवेत धरून बसलेली असायचे. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. रडू यायचं, पण तेही रागाचं.

उन्हाळ्यात मोकळ्यावरचे कार्यक्रम सुरू झाले. ऑगस्टमध्ये कॉनरच्या मंडळींचा कार्यक्रम शॅननजवळच्या एनिसला एका दगडी अंगणात ठरला, आणि रेमेबाईंनी मला न विचारता त्याला कळवून टाकलं की माझ्या वडिलांची सोलेआ माझी विद्यार्थिनी वाजवेल. मी आदल्या दिवशी शॅननला त्यांच्याकडे गेले. जवळजवळ दीड वर्ष शिकून बाईंना पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं. स्क्रीनवरच्यापेक्षा खूप लहान. घर बैठं, तीन खोल्यांचं, सगळं एका पातळीत. त्यांनी जेवायला घातलं आणि भांडी आवरताना, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "तिथे थांबावंसं वाटलं तर थांब. घाई करू नकोस. नुसतं थांब, आणि काय होतं ते मला सांग."

मला त्यांची कीव आली आणि चीडही आली. एवढ्या वयातही बाई बापाला वाट करून देताहेत, असं वाटलं.

अंगणात संध्याकाळचं लख्ख ऊन होतं. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, लोकांच्या तोंडाला मास्क. रेमेबाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर. टोपीवाला कॉनर बाजूला भिंतीला टेकून. मी सुरू केलं. भर उन्हात, इतक्या माणसांसमोर तो येणार नाही अशी माझी समजूत होती. पण ती जागा अजून पुढे होती तेव्हाच माझ्या पाठीला गारवा लागला.

हात वर जायला निघाला. मी दात आवळले आणि बोटं खाली दाबली. नख तारेला लागलं, आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या खांद्यावरून काहीतरी पुढे आलं आणि तारांवर टेकलं. थंड, जड, रुंद. तारांचा आवाज मेला. मी वाजवत राहिले. सूर निघत नव्हते, नुसते ठक ठक ठोके निघत होते, बंद दारावर मारल्यासारखे. पण बारा मात्रा त्या ठोक्यांत सलग जात होत्या. मी ठोकत राहिले. माझ्या नखाचा ग्लू तडकला, मी तरीही ठोकत राहिले. मला त्या तळव्याची आता भीती वाटत नव्हती, नुसता राग राग येत होता, आयुष्यात कुणाचा आला नसेल इतका. आणि मग तो तळवा उचलला गेला. सूर एकदम मोकळे झाले, त्यांच्यावर मी तरंगत गेले आणि सोलेआ शेवटपर्यंत वाजवली.

टाळ्या बराच वेळ चालल्या. कॉनर पुढे आला, टोपी काढून. "तो मधेच तारा दाबून वाजवायचा प्रकार," तो म्हणाला. "तो कसा केलास? तुझे दोन्ही हात तर वाजवत होते."

"बुधवारी या," मी म्हणाले.

परत त्यांच्या घरात शिरल्यावर कोटही न काढता रेमेबाईंनी विचारलं, "आले होते?"

"हो. हात ठेवला. मी थांबले नाही, मग त्यांनी उचलला."

"आणि?"

"आणि काय? गेले."

"लगेच गेले? की शेवटपर्यंत ऐकलं?"

हात उचलल्यावर तो मागे उभा होता की निघून गेला होता, मला माहीत नव्हतं. मी माझ्या जिंकण्यात होते. मी लक्षच दिलं नव्हतं. रेमेबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि ती नजर घाबरलेल्या माणसाची नव्हती. ती कधीच तशी नव्हती. ती वाट बघणाऱ्याची होती, संकेतच्या पेशंटांसारखी.

"मला तसं वाजवायला शिकव," त्या म्हणाल्या. "न थांबता."

आम्ही समोरासमोर बसलो. मी आधी वाजवलं, मुद्दाम थांबून. जिवाचा कान करून ऐकलं. काही नाही. ना पाऊल, ना वास, ना गारवा. त्या शांततेत आता कोणी राहत नव्हतं, आणि रिकामं मीच केलं होतं. मग मी गिटार त्यांच्या हातात दिली.

त्यांनी सुरू केलं. सुरकुतलेला हात, पण काय जोर त्या हातात. ती जागा आली आणि हात वर गेला. श्वास थांबला, मान डावीकडे वळली. या वेळी त्यांनी हात खाली आणलाच नाही. तसाच धरून त्या ऐकत राहिल्या. मग डोळे माझ्याकडे आले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण माझ्या कानांवर त्यांचा विश्वास होता.

"जिन्यावर आहेत," मी म्हणाले.

त्या घराला जिना नाही. रेमेबाईंनी पाठ ताठ केली, हात तारांवर आणला आणि दाराकडे तोंड करून पुढचं वाजवायला लागल्या.